सत्तेचाळीस

सलवा, कुवेत. ऑगस्ट. दुपारचे दोन.
उम्म तलाल म्हणतात, छताला तीन-तीन डबे लावलेत
तरी जिना चढताना फोन मरतो.
त्यांची शेखा आजारी मांजर दाखवावं
तसा फोन पुढे करते.

मी अप्पाला कॉल लावतो.
चाचणीला न थांबणारा आवाज लागतो,
आणि आकडे म्हणायला त्याला आवडतं.
पस्तीस वर्षं खाडीच्या तरीवर
माणसं, सायकली, शेरडं मोजूनच दोर सोडायचा.
"म्हण." "एक," तो म्हणतो, गंभीरपणे.

दिवाणियातून निघतो. स्वयंपाकघराशी एकवीस.
संगमरवरी पायऱ्या, चाळीस.
शेहेचाळीस.
मग काहीच नाही.
मग बावन्न.

स्क्रीनवर दिसतं: नवा डबा ऐन डोक्यावर खणखणतोय
आणि फोन अजून खालच्याचंच बोट धरून,
उणे ऐंशी, उणे पंच्याऐंशी, धाप लागलेला.
"मग ताकद वाढव," उम्म तलाल. सगळे हेच म्हणतात.
माझ्या मोडक्या अरबीत कसं सांगू,
सोडायचं कधी ते फोन ठरवतो, डबा नाही.
डबा जितक्या मोठ्यानं हाक मारील
तितका फोन मागे वळून बघत राहील.

अप्पाला सांगितलं तर लगेच कळलं.
"एक पाय धक्क्यावर, एक होडीत,
असली किती माणसं पाण्यातून काढली मी.
धक्का काय कुणाला ढकलतो?
त्यांनाच ओरडायचं, उचल पाय."

नाव एकच, पासवर्ड एकच.
चॅनेल निरनिराळे: एक, सहा, अकरा.
ताकद तिन्हींची अर्ध्याहून खाली,
आणि एक नियम: पार दुबळा झाला कुणी
की त्याला सोडून द्यायचं, शोधू दे दुसरं दार.
पुन्हा दिवाणिया, स्वयंपाकघर, पायऱ्या.
शेहेचाळीस सत्तेचाळीस अठ्ठेचाळीस,
सुईतून दोरा गेला.
शेखा टाळी वाजवते.

हत्यारं भरताना मागच्या जिन्यानं मालकांती येते,
गच्चीवरच्या खोलीतली, हात ओले.
हिंदीत विचारते, भैया, वायफाय गया?
कपाटावर चढवून ठेवला की तिच्या फोनला
एक कांडी यायची म्हणे.
तेवढ्यात कुरुनेगलाहून मुलाचं तोंड दिसायचं,
आधी कपाळ, मग बराच वेळ काही नाही, मग दात.

कुणी दिलेली नव्हती ती कांडी. सांडलेली होती.
मी आत्ता पुसून घेतली, नीट, फडक्यानं.

चौथा डबा कोटेशनात नाही.
विचारून पाहिलं. उम्म तलाल वाईट नाहीत.
म्हणाल्या, बघू, थंडीत.

लॅपटॉप पुन्हा उघडतो.
वरच्या डब्याची ताकद वाढवतो, आहे तितकी.
दुबळ्यांना सोडायचा नियम त्याच्यापुरता काढून टाकतो.
गच्चीत पाय ठेववत नाही, टाक्यांतलं पाणीसुद्धा चटका देतं.
खोलीत कपाट, कपाटावर फोन,
फोनवर एक कांडी.
मालकांती काही बोलत नाही,
फोन जरासा डावीकडे सरकवते,
तिची जागा तिला ठाऊक आहे.

उतरताना अप्पाला पुन्हा मोजायला लावतो.
गच्ची, वरचा मजला, वळण.
शेहेचाळीस.
अठ्ठेचाळीस.

"सत्तेचाळीस म्हणालास ना?"
"म्हणालो की," तो दुखावतो,
"मी माणूस सोडून मोजत नाही."

खाली शेखा उभी, स्वतःच्या फोनकडे बघत.
उतरताना अडकेल जरा, मी सांगतो, एखादा सेकंद.
का?

"काँक्रीट," मी म्हणतो,
आणि दारातल्या ढिगात माझे बूट शोधतो.
अप्पा कानात पुढे मोजतोच आहे,
एकसष्ट, बासष्ट,
त्याला थांब म्हणायचं राहूनच गेलंय.